दार लागलं का?

डोंबिवलीच्या आसपास राहून ज्याने मुंबईत नोकरी केली, त्याचा दाराशी संबंध फक्त लटकण्यापुरता येतो. आपल्या साध्या लोकलला दारं आहेत, म्हणजे पत्र्याची सरकती दारं खरोखरच आहेत. पण भर पावसाचे दिवस सोडले तर ती लागलेली पाहिली असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. रिक्षाला दार नसतं. एसटीला असतं, पण ते कंडक्टरच्या ताब्यात. ऑफिसचं काचेचं दार गळ्यातलं कार्ड दाखवल्याशिवाय ओळख देत नाही. असा माणूस पंचेचाळिशीत कर्ज काढून मोटार घेतो आणि एका सकाळी एकदम चार दारांचा मालक होतो. डिकी धरली तर पाच. त्याचं डोकं फिरलं तर त्यात त्याचा काय दोष?

माझं डोकं दारांच्या आवाजावरून फिरलं. त्यासाठी आधी आम्ही राहतो कुठे ते सांगायला हवं. आम्ही कोपरला राहतो. एवढं म्हटलं की पुण्याचे नातेवाईक "खैरणे ना?" म्हणून विचारतात, आणि नाही म्हटलं की त्यांचा आमच्यातला रस संपतो. कोपरखैरणे तिकडे नवी मुंबईत. आमचं नुसतं कोपर, दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं. आमच्या स्टेशनाला दोन मजले आहेत. खालून मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, वरून दिवा-वसई. साहजिकच आमच्याकडचा आवाजही दोन मजली आहे. खाली धीम्या लोकल थांबतात, जलद लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता भोंगा देऊन जातात. वरून मालगाड्या जातात, आणि मालगाडीला कसली आलीय घाई? रात्री तिचे डबे मोजत झोपायची आमच्या इमारतीत पद्धत आहे. शेवटचा डबा अजून कोणी पाहिलेला नाही, म्हणजे पद्धत चांगली आहे.

शिवाय हळदी, गणपती, नवरात्र आणि बारा महिने तेरा काळ चाललेलं बांधकाम. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम म्हणतात की निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. चिरंजीवांनी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं तेव्हा असं दिसलं, की रात्रीची मर्यादा आमचा पंखा आणि फ्रिज मिळूनच संपवतात. रेल्वेच्या वाट्याला काही उरतच नाही.

एवढं घर शांत करणं आपल्या हातातलं काम नव्हे. गाडी मात्र आटोपशीर. चार मीटरपेक्षा आखूड छोट्या गाडीला आपल्याकडे कर कमी पडतो, म्हणून आमची गाडीही चार मीटरच्या आतलीच आहे. तेवढ्या चार मीटरांत तरी शांतता असावी, इतकीच माझी माफक इच्छा होती.

शोरूममध्ये रीतसर सोहळा झाला. पुठ्ठ्याची हातभर किल्ली देऊन फोटो काढला, बायकोने नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं डावं दार उघडलं आणि लावलं. परत उघडलं, परत लावलं. मग बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली आणि शोरूमच्या मुलाकडे बघून म्हणाले, "रंग छान आहे."

अप्पांच्या तोंडी "रंग छान आहे" याचा अर्थ बाकी बोलण्यासारखं काही नाही. अप्पा प्रीमियरवाले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, कुर्ल्याच्या कारखान्यात, त्यांचं उभं आयुष्य दारं बसवण्यात गेलं. त्यांच्या लेखी मोटार म्हणजे चार दारं, आणि ती एकमेकांपासून लांब राहावीत म्हणून मध्ये ठेवलेलं बाकीचं सामान. त्यांच्या आधीच्या पिढीने 'डुक्कर फियाट'ची उलटी उघडणारी पुढची दारं बसवली, अप्पांनी पद्मिनीची बसवली. नोकरीची शेवटची वर्षं कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात गेली. फ्रेंच प्यूजो कंपनीशी भागीदारी करून १९९४ पासून तिथे 'प्यूजो ३०९' बनत होती. काही वर्षांत तो संसार मोडला. पण आपल्या डोंबिवलीच्या वेशीवर फ्रेंच मोटार तयार होत होती, ही गोष्ट अप्पा अजूनही पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात.

पद्मिनीचं दार ज्याने लावलंय त्याला वेगळं सांगायला नको. ते हळू लावलं तर लागायचंच नाही. दोन पावलं मागे सरून, हात पूर्ण ताणून, धाडकन आपटलं की मगच आत काहीतरी खटकन बसायचं. त्यावर टॅक्सीवाला हमखास मागे वळून "आहिस्ता, भाईसाब!" म्हणायचा. आहिस्ता लावलं तर तोच पुढच्या सिग्नलला उतरून परत आपटायचा. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली. वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्या दिवसाचं वर्तमानपत्र अप्पांनी घडी करून कपाटात ठेवलंय, आमच्या लग्नाच्या अल्बमच्या वर.

तर अशा माणसाने रंगाची स्तुती केली म्हणून मीही दार लावून पाहिलं. आवाज आला 'टण्ण'. त्याआधी शोरूममध्ये दहा वेळा तेच दार मी लावलं होतं, पण तेव्हा ते माझं नव्हतं.

ह्या 'टण्ण'चं कारण साधं आहे. दाराचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. पत्रा जाड केला की वजन वाढतं, वजन वाढलं की मायलेज जातं, आणि मायलेज गेलं की गिऱ्हाईक जातं. म्हणून कंपनी पत्र्याच्या मधोमध वहीच्या पानाएवढा, थरथर दाबणारा एक तुकडा चिकटवते आणि बाकीचा पत्रा देवावर सोडते. महागड्या गाड्यांचं दार 'धप्प' लागतं, पण तो आवाजही आपोआप आलेला नसतो. त्याच्यासाठी ध्वनितज्ज्ञ नेमलेले असतात. कुलूप, रबर, पत्रा सगळं जुळवून ते 'धप्प' घडवतात. कारण दारावर टकटक करून गाडीची मजबुती ओळखणं ही जगभरच्या गिऱ्हाइकांची परीक्षा आहे, आणि आपल्याकडे तर ती सासरे जावयाच्या गाडीचीही घेतात. खरं म्हणजे मजबुती त्या पत्र्यात नसतेच. दाराच्या पोटात एक आडवी पोलादी दांडी असते, बाजूने ठोकर बसली तर ती झेलायला. ती टकटक केल्याने बोलत नाही. तिचं ऐकायचं तर गाडी आपटून बघावी लागते, आणि ते काम १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' करतं. घरच्या माणसांनी करू नये.

दारांना डॅम्पिंगची, म्हणजे थरथर दाबणारी, शीट मारून घ्यायची असं मी जेवताना जाहीर केलं आणि घरात दारांची वाटणी सुरू झाली.

चालकाचं दार माझं, यावर वाद नव्हता. त्याला फक्त शांतता हवी होती. त्याच्या शेजारचं बायकोचं. "आवाजाचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला त्या दाराला पाण्याची बाटली उभी राहील अशी जागा हवी. तिथे कंपनीने जे केलंय त्यात फक्त कागद राहतो. आणि ओली छत्री कुठे ठेवायची ते शीट मारणाऱ्या उस्तादाला विचारा." मी तिला सांगितलं की ध्वनिशास्त्रात छत्रीचा विचार केलेला नसतो. तिने विचारलं, मग ते शास्त्र पावसाळ्यात काय करतं?

मागचं उजवं दार चिरंजीवांचं. त्याला त्यात साडेसहा इंची स्पीकर, वर ट्वीटर, दाराच्या कडेने निळी दिवापट्टी, आणि दार उघडताच जमिनीवर कंपनीचा लोगो पाडणारा दिवा हवा होता. हा लोगोचा दिवा आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीला आहे. पावसाळ्यात ते दार उघडतात तेव्हा लोगो खड्ड्यातल्या पाण्यात पडतो आणि बराच वेळ हलत राहतो. ते पाय कुठे ठेवायचा याचा विचार करत तेवढा वेळ बसून असतात.

मागचं डावं अप्पांचं. त्यांना काही नको होतं. "करा काय करायचं ते," म्हणाले, आणि ताकाचा पेला उचलला. हे वाक्य त्यांनी प्यूजोच्या वेळीही म्हटलं होतं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे काम स्वस्तात होतं, असं ऑफिसात ज्याच्याकडे गाडी नाही अशा प्रत्येकाने सांगितलं. अप्पांपुढे तसं म्हणून पाहिलं. "कुर्ल्याला जन्मभर दारं बसवायला गेलो," ते म्हणाले, "आता काढायला जायचा नाही." म्हणून मग डोंबिवली पश्चिमेतलंच एक दुकान ठरलं. तिथला उस्ताद पंचविशीतला, दिव्याचा मुलगा. कानावर पेन्सिल, हातात प्लॅस्टिकची पट्टी, आणि मला 'दादा' म्हणताना आवाजात अशी माया की बिलाची शंका यावी.

"दादा, कामं तीन असतात," त्याने शिकवणी सुरू केली. "पत्रा थरथरतो, तो गप्प करायचा. आत घुमणारा आवाज शोषायचा. आणि बाहेरून येणारा अडवायचा. पहिल्याला शीट, दुसऱ्याला फोम, तिसऱ्याला जड रबराचा पडदा. लोक एका शीटच्या पैशात तिन्ही मागतात."

शीट म्हणजे ब्युटाइल रबराचा दोन मिलिमीटरचा चिकट थर आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा. पत्रा हलला की खालचा पत्रा आणि वरचं अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये ते रबर ताणलं जातं, आणि थरथर त्याच्या पोटात जिरून तिची किंचित ऊब होते. हे ब्युटाइल १९३७ साली अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत जन्मलं आणि पुढे टायरच्या ट्यूबमध्ये गेलं, कारण ते हवा सोडत नाही. हवासुद्धा न सोडणारी ही वस्तू मला मनापासून आवडली. याहून स्वस्त शीटही मिळते, ती डांबराची. मे महिन्यात उन्हात गाडी उभी राहिली की तिला वास सुटतो आणि ती हळूहळू खाली घसरते. "रस्त्यावर टिकत नाही ते डांबर दारात टिकणार आहे का?" असा अप्पांनी सवाल केल्यावर तो विषय तिथेच संपला.

अप्पा आले होते ते "नुसतं बघायला". उस्तादाने पहिलं दार घेतलं तेव्हा ते खुर्चीवर होते. हँडलमागची नखाएवढी टोपी काढून त्याने आतला स्क्रू सोडवला तेव्हा ते उभे राहिले होते. प्लॅस्टिकची पट्टी डोअरपॅडच्या खाली सरकवून त्याने 'कट, कट, कट' करत क्लिपा सोडवल्या तेव्हा ते त्याच्या खांद्याशी पोचले, आणि वायरींचे कपलर काढून अख्खा पॅड बाजूला ठेवला तेव्हा मोबाइलची बॅटरी अप्पांच्या हातात होती.

नव्या गाडीचं दार आतून बघू नये. बाहेरून ज्याला आपण दार समजतो ते आत जवळजवळ मोकळंच असतं. काळ्या गमने चिकटवलेला एक पातळ प्लॅस्टिकचा कागद, तो सोलला की मोठमोठी भोकं, भोकांतून दिसणारी काचेची मशीन, कुलपाकडे गेलेली तार, ती आडवी दांडी, आणि त्यापलीकडे, जगात आणि आपल्यात उरलेला तो एकच पत्रा. हप्त्याचा आकडा मला त्या क्षणी स्पष्ट आठवला. अप्पांनी मात्र हात आत घातला, चाचपलं, आणि ओळखीचं माणूस भेटल्यावर म्हणावं तसं म्हणाले, "मशीन तीच आहे. फक्त मोटर लावलीय."

मग उस्ताद आणि अप्पांची जी जुंपली ती बघण्यासारखी होती.

"खालची भोकं बुजवू नकोस."

"नाही बुजवत, काका."

"काचेच्या फटीतून पाणी आत येतंच. ते खाली उतरून त्या भोकांतून जातं. ती बुजवलीस तर दारात पाणी साठेल, खालून सडेल."

"माहितीय, काका."

"काचेच्या वाटेत शीट येता कामा नये."

"नाही येणार."

"कुलपाच्या दांड्याला चिकटली तर..."

"काका," उस्ताद पट्टी खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही कुठल्या दुकानात होतात?"

"प्रीमियर. दारं."

उस्तादाने पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली. त्याचे आजोबा पद्मिनी टॅक्सी चालवायचे. त्यानंतर माझी खुर्ची अप्पांना मिळाली, चहा आधी अप्पांना आला, आणि पैसे देणारा इसम म्हणून मी दाराशी उभा राहिलो.

पत्रा थिनरने पुसला. शीट मापाने कापली. खालचा कागद सोलून ती आत हात घालून बाहेरच्या पत्र्याला चिकटवायची आणि छोट्या रोलरने दाबत राहायचं. अ‍ॅल्युमिनियमवर चौकड्यांची नक्षी असते, ती पार सपाट होईपर्यंत. नक्षी राहिली तिथे खाली हवा राहिली. थरथर थांबवायला खरं तर पत्र्याचा पाव भाग झाकला तरी बरंच काम होतं, असं उस्ताद प्रामाणिकपणे म्हणाला. पण पैसे देणाऱ्याला पाव भाग पटत नाही. मी सगळं झाकून घेतलं. ते चकाकणारं आतलं अंग पाहून बायको म्हणाली, "एवढ्या फॉइलमध्ये आपले दोन वर्षांचे डबे निघाले असते." मग त्याच चकाकीवर पॅड बसला आणि ती कायमची झाकली गेली. घरात सोनं घेतल्यावरही लॉकरमध्येच जातं, असं मी मनाची समजूत घातली.

पॅड बसल्यावर उस्तादाने बाहेरून पेराने टकटक केली. 'टप्प'. शेजारच्या, अजून न केलेल्या दारावर केली. 'टण्ण'. मी दोन्हीकडे पाळीपाळीने टकटक करत राहिलो. दुकानाबाहेरून जाणारा एक गृहस्थ थांबून म्हणाला, "आत कोणी अडकलंय का?"

तीन दारं झाली. बाटलीसाठी पॅडच्या कप्प्याला आतून एक कडी बसवून मिळाली, छत्रीला नाही. चिरंजीवांना स्पीकर मिळाले, निळी पट्टी आणि लोगो बजेटमध्ये वारले. उस्ताद चौथ्या दाराकडे वळला तेव्हा अप्पा म्हणाले, "हे राहू दे."

"काका, सेट चार दारांचा असतो."

"असेल. पण दार लागलं हे मला कळायला नको?"

"समोर दिवा असतो ना काका. दार नीट लागलं नाही तर लागतो."

"तो दिवा कुणापुढे? चालवणाऱ्यापुढे. म्हणजे दार मी लावायचं, आणि लागलं का ते ह्याला विचारायचं?"

यावर उस्तादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. अप्पांच्या घरात मीही लहानाचा मोठा झालोय, त्यामुळे कोणी कोणाला काय विचारायचं याची शिस्त मला ठाऊक आहे. चौथं दार तसंच राहिलं, आणि उरलेली शीट उस्तादाने गुंडाळून मला परत दिली. ती अजून माळ्यावर आहे.

संध्याकाळी चाचणीची फेरी काढली. कोपर पुलावरून पूर्वेला. हा पूल २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि २०२१ मध्ये नवा होऊन उघडला. मधल्या काळात पश्चिमेचा माणूस पूर्वेला ठाकुर्लीमार्गे जायचा, आणि तेवढ्यात पूर्वेचं काम रद्द व्हायचं. पुलावरून उतरून मानपाडा रोडने कल्याण-शीळ रस्त्याला लागलो. चिरंजीव मागे मोबाइल धरून बसले होते.

"बाबा, आधी ६८ होता. आता ६५."

"फक्त तीन?"

तीन डेसिबल ही चेष्टा नव्हे. डेसिबलचा हिशेब असा आहे की तीन उतरले म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्म्यावर आली. पण आपल्या कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण दहा उतरावे लागतात. म्हणजे शास्त्राप्रमाणे माझे पैसे निम्मे वसूल झाले होते आणि कानाप्रमाणे मी अजून दुकानातच उभा होतो. त्यात शीळच्या बाजूने आलेल्या एका डंपरने हॉर्न दिला, तो जसाच्या तसा आत आला. दुसऱ्या दिवशी उस्तादाला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, हॉर्न काचेतून येतो. काचेला शीट मारली तर तुम्ही बघणार कुठून?" टायरचा आवाज? तो खालून, फ्लोअरमधून आणि चाकांच्या कमानींतून येतो. मग दारातून काय येत होतं? "दारातून दाराचाच आवाज येत होता," उस्ताद म्हणाला. "तो आता येत नाही." मग त्याने फ्लोअरचा भाव सांगितला. नंतर छताचा. नंतर बॉनेटचा.

तरी फरक पडला होता, फक्त मला हवा तिथे नाही. दारं गप्प झाल्यावर गाडीतली बाकीची मंडळी बोलू लागली. सीटबेल्टची कडी, कप्प्यात पडलेली सुट्टी नाणी, डॅशबोर्डवरच्या गणपतीचा पाट. ह्यांचा बंदोबस्त कापसाने झाला. पण मोठी भानगड आत्या आल्या तेव्हा झाली. गाडीत पुढच्या दोघांनी एकमेकांशी हळू आवाजात जे बोलायचं असतं ते मागे जाऊ नये, ही सोय आजवर इंजिन, वारा आणि पत्रा मिळून विनामूल्य करत होते. बायको सवयीने त्याच हळू आवाजात म्हणाली, "रविवारपर्यंत राहणार म्हणतायत." मागून आत्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत." शांततेची खरी किंमत मला त्या दिवशी कळली. सोमवारचा पुढे मंगळवार झाला.

दुसरी अडचण पार्किंगची. आमच्या सोसायटीत गाडी मागे घेणं हे सार्वजनिक कार्य आहे. वॉचमन, तळमजल्यावरचे जोशीकाका, क्रिकेट सोडून आलेली पोरं, सगळे मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या, उजवीकडे कापा, येऊ द्या..." करतात आणि शेवटी एक "बास!" येतो. त्या "बास"वर आमच्या इमारतीतले बंपर टिकून आहेत. गाडीत कॅमेरा आहे, पण पावसाळ्यात त्यावर चिखल असतो आणि उन्हाळ्यात कोणी त्यावर विश्वास ठेवत नाही. काचा वर करून, डॅम्पिंगच्या सुखात मागे आलो तर "येऊ द्या" पुसट ऐकू येतं आणि "बास" येतच नाही. वॉचमनने यावर तोडगा काढला. तो आता डिकीवर थाप मारतो. दोन थापा म्हणजे अजून येऊ द्या, एक जोरात म्हणजे बास. म्हणून उस्तादाने "डिकीही करून टाकू" म्हटलं तेव्हा अख्खी सोसायटी आडवी आली. जोशीकाका म्हणाले, "डिकी आपल्या सगळ्यांची आहे."

तेव्हापासून माझ्या लक्षात आलंय की आवाज नको असं म्हणणाऱ्या माणसाला आवाज नको नसतो. त्याला दुसऱ्याचा नको असतो. समोरच्या इमारतीतल्या हळदीला रात्री साडेदहाला खिडकीतून ओरडणारा मी, आमच्या भाच्याच्या हळदीला बेंजोवाल्याला अजून एक वाजव म्हणून खिशात हात घालणारा मीच. वरच्या मजल्यावरच्या मालगाडीला शिव्या देणारे आम्ही, पण संपाच्या दिवशी गाड्या थांबल्या की सगळ्या कोपरला झोप लागत नाही. आपला आवाज म्हणजे आपण असल्याचा पुरावा. दुसऱ्याचा तो गोंगाट. पद्मिनीचं दार धाडकन लागायचं तेव्हा आतल्या चौघांना आणि रस्त्यावरच्या चाळिसांना कळायचं की आता निघाले. माझी तीन दारं 'धप्प' लागतात तेव्हा निघालो हे मलाच समोरच्या दिव्याकडे बघून खात्री करून घ्यावं लागतं. अप्पा मात्र उतरतात, दोन पावलं मागे सरतात, हात पूर्ण ताणतात आणि धाडकन आपटतात. मी आत दचकतो. तिसऱ्या मजल्यावर आई चहाचं आधण ठेवते. वॉचमन रजिस्टरमध्ये न बघता आमच्या फ्लॅटपुढे वेळ टाकतो.

अप्पा कधीकधी संध्याकाळी उस्तादाच्या दुकानात जाऊन बसतात. "नुसतं बघायला." कल्याण-शीळ रस्त्यावर टॉवर वाढले, 'प्रीमियर'चं नाव लोकांच्या तोंडी 'प्रीमियर मैदान' म्हणण्यापुरतं उरलं, पण दिव्याच्या त्या पोराच्या दुकानात प्रीमियरचा एक विभाग अजून चालू आहे. गिऱ्हाइकाची दारं उघडली की अप्पा खालची भोकं मोजतात. परवा मी त्यांना आणायला गेलो तर भिंतीवर नवी पाटी दिसली. अक्षर उस्तादाचं, मजकूर उघडच अप्पांचा:

चार दारे – पूर्ण सेट.
तीन दारे – कुटुंबासाठी.
ज्येष्ठ नागरिकांचे दार जसेच्या तसे ठेवून मिळेल. त्याचा आकार वेगळा.